जागा आहे का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापूरचं स्टेशन घ्या किंवा दुसरं कुठलंही मोठं स्टेशन घ्या, दोन खिडक्या पूर्वीपासून वेगळ्या. एकीवर लिहिलेलं ‘चौकशी’, दुसरीवर ‘आरक्षण’. लहानपणी मला याचं कोडं पडायचं. जागा आहे का, हे ज्याला ठाऊक आहे त्यानंच तिकीट का देऊ नये? चौकशीच्या खिडकीवर ‘आहेत, आहेत’ ऐकून वडील आरक्षणाच्या रांगेत उभे राहायचे आणि त्यांचा नंबर येईपर्यंत जागा संपलेल्या असायच्या. मग रांगेतच वाद व्हायचा. चौकशीवाला खोटं बोलला का? नाही. त्यानं सांगितलं तेव्हा ते खरंच होतं. फक्त ते उत्तर मधल्या अर्ध्या तासात शिळं झालं होतं.

पुढं संगणकाच्या क्षेत्रात बरीच वर्षं काढल्यावर लक्षात आलं, की या दोन खिडक्यांमधलं अंतर हाच आमच्या धंद्यातला एक मोठा प्रश्न आहे. आज आपल्या शहरात दवाखाने, क्लासेस, चादरीचे व्यापारी, मंगल कार्यालयं अशा कितीतरी जणांची स्वतःची संकेतस्थळं आहेत. त्यामागं डेटाबेस असतो, म्हणजे संगणकातली खतावणी. चार-सहा वर्षांत कधीतरी ही खतावणी बदलायची वेळ येते. जुनी महाग पडते, अपुरी पडते किंवा ती पुरवणारी कंपनीच बंद होते. नवी दाखवायला येणारा माणूस वेगाबद्दल भरभरून बोलतो. पडद्यावर दिसणारं उत्तर किती जुनं असेल, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही. त्याला ते का विचारायला हवं, हे सांगायला रेल्वेच्या आरक्षणाच्या इतिहासासारखी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

सोलापुरात रेल्वे आली १८६० साली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. आरक्षणाची पद्धत मात्र त्यानंतर शंभरावर वर्षं कागदाचीच राहिली. गाडीची आणि तारखेची वही असायची, कारकून त्यात नाव लिहायचा. ज्या गाडीची वही ज्या खिडकीवर, त्याच खिडकीच्या रांगेत उभं राहायचं. मधल्या स्टेशनांना कोटा ठरवून दिलेला असायचा. परतीचं आरक्षण हवं असेल तर पलीकडच्या स्टेशनला तार जायची आणि उत्तराची वाट पाहावी लागायची. मुंबईला लग्नाला गेलेल्या कुटुंबाला परतीच्या जागा मिळाल्या की नाहीत, हे कधीकधी तिथं पोचल्यावरच कळायचं.

ही पद्धत संथ होती, पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती. वही एकच, आणि ती एका वेळी एकाच कारकुनाच्या हातात. त्याची पेन्सिल पानावर टेकलेली असताना दुसऱ्या कुणाला ते पान मिळत नसे. त्यामुळं एक बर्थ दोघांना जाण्याचा प्रश्न फारसा यायचा नाही. संगणकवाले यालाच ‘लॉक’ म्हणतात, आणि तो आपणच शोधला अशा थाटात शिकवतात.

१९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं. सीएमसी या सरकारी कंपनीनं तयार केलेल्या त्या प्रणालीचं नाव होतं ‘इम्प्रेस’. कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट, ही तेव्हा नवलाईच होती. मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथंही अशी केंद्रं झाली. पण ही पाचही केंद्रं म्हणजे पाच वेगवेगळ्या खतावण्या होत्या. आपलं सोलापूर तर मुंबईहून चेन्नई, हैदराबाद आणि बंगळुरूकडं जाणाऱ्या वाटेवरचं. इथल्या प्रवाशाला मुंबईकडच्या गाड्याही लागतात आणि दक्षिणेकडून येणाऱ्याही. एका केंद्रातल्या संगणकाला दुसऱ्याच्या वहीत डोकावता येत नसेल, तर अशा गावाची पंचाईत होते.

यावर दोन उपाय होते. एक म्हणजे सगळ्या वह्यांच्या नकला सगळीकडं ठेवायच्या. दुसरा म्हणजे प्रत्येक गाडीचं घर एकच ठेवायचं आणि विचारणा त्या घरी पाठवायची. रेल्वेनं दुसरा मार्ग धरला. ‘क्रिस’ ही रेल्वेची संगणक संस्था १९८६ साली स्थापन झाली होती. तिनं ‘कन्सर्ट’ नावाची नवी प्रणाली बांधली. ती १९९४ मध्ये आधी सिकंदराबादला बसवली गेली आणि १९९९ च्या एप्रिलपर्यंत पाचही केंद्रं जोडली गेली. चेन्नईच्या खतावणीतल्या गाडीबद्दल सोलापुरात विचारलं तरी प्रश्न चेन्नईच्या संगणकाकडं जायचा आणि उत्तर तिथून यायचं. वही पूर्वीसारखी एकच राहिली, फक्त कारकुनाचा हात लांब झाला.

इथं एक गंमत सांगतो. त्याच काळात, त्याच मुंबईत, अगदी उलट पद्धतीची एक व्यवस्था उभी राहत होती. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजनं १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये शेअरचे व्यवहार पडद्यावर सुरू केले. गावोगावच्या दलालांच्या गच्चीवर उपग्रहाच्या छोट्या छत्र्या बसल्या. या दलालांना ‘भाव काय?’ असं दरवेळी विचारावं लागत नसे. भाव बदलला की बाजारच सगळ्यांना सांगत असे, एकदम, एकाच प्रसारणात. म्हणजे रेडिओसारखं. मी आत्ता बोलतोय, ते ऐकणारे शंभर असोत की लाख, माझा घसा तेवढाच दुखणार.

रेल्वेनंही असं का केलं नाही? कारण शेअर बाजारात बहुतेकांना त्याच ठरावीक कंपन्यांचे भाव हवे असतात. रेल्वेत प्रत्येकाचा प्रश्न निराळा. एकाला शुक्रवारची ‘सिद्धेश्वर’ मुंबईसाठी हवी, दुसऱ्याला सोमवारची ‘हुतात्मा’ पुण्यासाठी. त्यात वर्ग वेगळा, कोटा वेगळा, चढायचं स्टेशन वेगळं. एवढ्या सगळ्या उत्तरांतला प्रत्येक बदल सगळ्यांना ओरडून सांगायचा म्हटलं, तर तो नुसता गोंगाट होईल. डेटाबेस बदलताना ‘यात आपोआप निरोप येतो का?’ असं विचारण्याआधी आपले लोक एकच प्रश्न विचारतात की हजार वेगवेगळे, हे पाहावं लागतं ते यामुळं. पहिल्याला निरोप पाठवणं स्वस्त पडतं, दुसऱ्याला मागितल्यावर सांगणं.

आता गोष्ट येते घराघरातल्या इंटरनेटपर्यंत. आयआरसीटीसीनं ऑगस्ट २००२ मध्ये संकेतस्थळावरून तिकीट द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा छापील तिकीट कुरिअरनं घरी यायचं. स्वतःच छापून घेण्याचं ई-तिकीट आलं २००५ साली. वरवर पाहता खिडकी घरी आली, एवढाच बदल. पण आतून फार मोठी गोष्ट मोडली होती. खिडकीवर रांग असायची आणि रांग हीच त्या काळची वेगमर्यादा होती. रांगेतला माणूस तासाभरात एकदाच विचारू शकायचा. घरातला माणूस मिनिटाला दहा वेळा बटण दाबतो. तिकीट घ्यायचंच असतं असं नाही. बायको म्हणते बुधवारचं बघा, मेहुणा म्हणतो गुरुवारचं बघा. विचारणारे वाढले, घेणारे त्या मानानं तेवढेच.

‘तत्काळ’च्या वेळी तर विचारूच नका. ती वेळ पूर्वी सकाळी ८ ची होती, जुलै २०१२ मध्ये ती १० झाली. जून २०१५ पासून वातानुकूलित वर्गासाठी १० आणि साध्या शयनयानासाठी ११ अशा दोन वेळा झाल्या. हा निर्णय मला फार आवडतो. संगणकावरचा भार घड्याळानं हलका केला! डेटाबेस बदलण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी कधी कधी आधी वेळापत्रक बदलून पाहावं.

खतावणीच्या बाजूनं मोठा बदल झाला २०१४ साली. क्रिसनं आयआरसीटीसीसाठी नवी ई-तिकीट प्रणाली उभी केली. त्या वर्षीच्या जुलैमधल्या रेल्वे अर्थसंकल्पात रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी लक्ष्य सांगितलं, ते मिनिटाला २००० ऐवजी ७२०० तिकिटांचं आणि एका वेळी १ लाख २० हजार वापरकर्त्यांचं. हे कसं साधायचं? मूळ वही तीच ठेवली. तिच्यापुढं ‘जेमफायर’ नावाची एक व्यवस्था बसवली. तिच्यात वारंवार लागणारी माहिती संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे अगदी हाताशी, ठेवलेली असते. आधी कुणी विचारून गेलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच देता येतं. प्रत्येकासाठी मूळ वही उघडावी लागत नाही. तिकीट घेताना मात्र वहीच उघडते.

म्हणजे चौकशीची खिडकी आणि आरक्षणाची खिडकी पुन्हा वेगळ्या झाल्या! शंभर वर्षांपूर्वीच्या स्टेशनमास्तरला हे कुणी समजावून सांगावं लागलं नसतं. आणि त्याबरोबर जुनं दुखणंही आलंच. पडद्यावर जागा ‘उपलब्ध’ दिसते, आपण नावं भरतो, वय भरतो, पैसे भरतो, आणि हातात पडते प्रतीक्षा यादी. लोक चिडतात. पण हाताशी ठेवलेलं उत्तर मधल्या वेळात थोडं तरी शिळं होणारच. ते किती शिळं चालेल हे आधी ठरवावं लागतं, आणि शेवटचा शब्द वहीचाच राहील याची व्यवस्था करावी लागते.

रेल्वे सोडून एकूण डेटाबेसच्या दुनियेत याच काळात काय चाललं होतं, तेही थोडक्यात सांगतो. एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांच्या खतावणीची कल्पना मांडली. तिच्यात प्रश्न एकदा विचारायचा आणि उत्तर एकदा घ्यायचं, अशीच रीत होती. बदल झाल्यावर आपणहून कळवण्याची सोय नंतर हळूहळू येत गेली. पोस्टग्रेसमध्ये ‘लिसन’ आणि ‘नोटिफाय’ अशी जोडी जुनीच आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीत तशी सूचना देण्याची सोय आली. २०१२ नंतर मात्र याची लाटच आली. फायरबेस, मिटिऑर, रिथिंकडीबी अशी नावं तरुण मुलांच्या तोंडी झाली. ‘पडदा आपोआप ताजा राहतो’ ही त्यांची जाहिरात. यातल्या मिटिऑरची सुरुवातीची पद्धत मजेशीर होती. पडद्यामागं ते साधारण दर १० सेकंदांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायचं आणि फरक दिसला तर कळवायचं. पुढं त्यांनी डेटाबेसच्या नोंदवहीवरच नजर ठेवायला सुरुवात केली. ‘आपोआप’ या शब्दामागं असे दोन अर्थ असू शकतात, आणि विकत घेताना ते वरून सारखेच दिसतात.

यातल्या सगळ्या गाड्या शेवटच्या स्टेशनापर्यंत पोचल्या नाहीत. फेसबुकनं २०१३ मध्ये विकत घेतलेली पार्स ही सेवा जानेवारी २०१७ अखेर बंद झाली. रिथिंकडीबीची कंपनी ऑक्टोबर २०१६ मध्ये आटोपली, तिचं सॉफ्टवेअर पुढं लिनक्स फाउंडेशनकडं गेलं. जगभरातल्या हजारो छोट्या संकेतस्थळांना तेव्हा बोजा-बिस्तरा उचलून दुसरं घर शोधावं लागलं.

असाच एक बोजा-बिस्तरा मीही हलवला आहे. ती गोष्ट सांगितल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी जिल्ह्यातल्या एका रक्तपेढीसाठी मोफत काम करून दिलं होतं. कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, ते रक्तपेढीच्या पडद्यावर आणि लोकांच्या मोबाईलवर दिसायचं. पिशवी दिली की आकडा लगेच बदलायचा. पुढं खर्च वाढला म्हणून आम्ही डेटाबेस बदलायचं ठरवलं. नवा आम्ही आठ दिवस तपासला. वेग पाहिला, तो दुप्पट. खर्च पाहिला, तो निम्मा. बदल झाला की निरोप येतो का, तेही पाहिलं. येत होता. टेबलावर दोन मोबाईल शेजारी शेजारी ठेवून आम्ही आकडा बदलताना पाहिला आणि चहा मागवला.

महिनाभरानं एके संध्याकाळी बार्शीकडचा एक माणूस रक्तपेढीत आला. बी निगेटिव्हच्या दोन पिशव्या त्याच्या मोबाईलवर दिसत होत्या. म्हणून तो दुसरीकडं न जाता थेट इथं आला होता. पिशव्या दुपारीच गेल्या होत्या. त्याची बहीण बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. तो भांडला नाही. मोबाईल पुढं करून एवढंच म्हणाला, “साहेब, यात अजून दोन आहेत.” दुसऱ्या एका ठिकाणाहून रक्त मिळायला दोन तास लागले. बहीण वाचली, बाळही.

चूक आमची होती. त्याचा मोबाईल सकाळी एकदा चालू झाला होता, मग वाटेत रेंज गेली. आमचा जुना डेटाबेस जोडणी परत आल्यावर मधले सगळे बदल आणून द्यायचा. नवा ज्याची जोडणी चालू आहे त्यालाच निरोप द्यायचा. जो त्या क्षणी ऐकत नाही, त्याच्यासाठी तो निरोप राखून ठेवत नसे. हे त्याच्या माहितीपुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं. आम्ही शहरातल्या ऑफिसात, उत्तम इंटरनेटवर, दोन मोबाईल शेजारी ठेवून तपासलं होतं. एकदाही वायर काढून पाहिली नव्हती. जोडणी तुटली तरी पडद्यावरचा आकडा तसाच ठळक, तसाच हिरवा. तो सकाळचा आहे असं कुठंच लिहिलेलं नाही!

त्या रात्री आम्ही पहिलं काम केलं ते तंत्राचं नव्हतं. प्रत्येक आकड्याखाली वेळ लिहिली, ‘ही माहिती ४ वाजून १० मिनिटांची’. जोडणी तुटली की आकडा करडा होऊ लागला, आणि खाली ‘येण्यापूर्वी फोन करा’ असं येऊ लागलं. मग सावकाश मूळ दुरुस्तीला हात घातला. प्रत्येक बदलाला चढता क्रमांक दिला. मोबाईल परत जागा झाला की तो सांगतो, ‘माझ्याकडं ४१२ पर्यंतचं आहे’, आणि सर्व्हर त्याला ४१३ पासून पुढचं देतो. मोंगोडीबीत २०१७ अखेरीस आलेल्या सोयीत अशीच खूण असते. पण तिलाही मर्यादा आहे. जुन्या नोंदी तिथं ठरावीक काळच राहतात. कुणी त्याहून जास्त झोपला तर त्याला सगळं पहिल्यापासून घ्यावं लागतं. हे सगळं आम्ही शिकलो, पण बदल करून झाल्यावर.

सोलापूरच्या माणसाला हे खरं तर सांगावं लागू नये. जकार्डची चादर विणणाऱ्या आपल्या कारखान्यांत नवं जकार्ड घेताना पहिला प्रश्न कुठला असायचा? जुन्या नक्षीची भोकं पाडलेली कार्डं यावर बसतील का? वेग नंतर. भोकांचं अंतर जुळलं नाही, तर वर्षानुवर्षं जमवलेली नक्षी रद्दी. आम्ही त्याच गावात वाढलो आणि तोच प्रश्न विचारायला विसरलो. दुसऱ्या वेळी मात्र शहाणे झालो. पंधरा दिवस जुना आणि नवा असे दोन्ही डेटाबेस शेजारी शेजारी चालवले. रोज रात्री दोघांची उत्तरं ताडून पाहिली. एका पोराला मोबाईल घेऊन एसटीनं अक्कलकोटला पाठवलं. रेंज जाते-येते तेव्हा आकड्याचं काय होतं, ते त्यानं वहीत लिहून आणलं.

रेल्वेकडं परत येतो. जून २०२५ मध्ये रेल्वेनं आरक्षणाची संपूर्ण प्रणाली नव्यानं बांधत असल्याचं जाहीर केलं. त्यातले आकडे पाहण्यासारखे आहेत. तिकिटांची क्षमता मिनिटाला ३२ हजारांवरून दीड लाखाहून जास्त, म्हणजे साधारण पाचपट. चौकशीची क्षमता मिनिटाला ४ लाखांवरून ४० लाखांहून जास्त, म्हणजे दहापट. चौकशीची खिडकी आरक्षणाच्या खिडकीच्या दुप्पट वेगानं रुंद करायची आहे. त्याच सुमारास आणखी एक निर्णय झाला. आरक्षणाचा तक्ता गाडी सुटण्याआधी ४ तासांऐवजी ८ तास आधी तयार करायचा. प्रतीक्षा यादीतल्या माणसाला बाडबिस्तरा बांधायचा की नाही, हे निदान वेळेवर कळावं म्हणून.

तो तक्ता पूर्वी डब्याच्या दाराशेजारी डकवलेला असायचा. २०१८ मध्ये मोठ्या स्टेशनांवर तो डकवणं बंद झालं. फलाटावर कंदिलाच्या नाहीतर ट्यूबलाइटच्या उजेडात बोट फिरवत नाव शोधणारी माणसं आता दिसत नाहीत. त्या कागदाचा एक गुण होता. तो बदलत नसे, आणि बदलत नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. आता तिकीट तपासनिसाच्या हातात छोटं यंत्र असतं. एखादा प्रवासी आलाच नाही, की तो तशी नोंद करतो आणि रिकामी जागा मुख्य प्रणालीला कळते. मग ती प्रतीक्षा यादीतल्या किंवा पुढच्या स्टेशनवर वाट पाहणाऱ्या माणसाला मिळू शकते. सोलापूरला कुणाची गाडी चुकली, तर रात्री कुर्डुवाडीच्या फलाटावर वळकटीवर बसलेल्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये त्याचा बर्थ क्रमांक उजळतो. रेंज असेल तर.